रिपोर्ट सुधारला, रुग्णाचे काय?

औषध सुरू केले, पंधरा दिवसांनी तपासणी केली आणि रिपोर्ट 'नॉर्मल' आला, की आपण म्हणतो, "औषध लागू पडलं." तुम्ही म्हणता, आम्ही डॉक्टरही म्हणतो आणि बहुतेक वेळा ते खरे असते. पण वैद्यकाच्या इतिहासात एकदा असे झाले, की रिपोर्ट छान येत गेले आणि माणसे मात्र जास्त दगावली. ही हकिकत प्रत्येक रुग्णाला माहीत असायला हवी.

सुरुवात होते एका यंत्रापासून. साध्या ईसीजीत हृदयाचे मोजके ठोके दिसतात. माणूस चालतो, जेवतो, झोपतो, तेव्हा हृदय काय करते हे कळावे म्हणून अमेरिकेतील नॉर्मन होल्टर या संशोधकाने पाठीवर बांधायचे यंत्र तयार केले. त्याचे पहिले रूप सुमारे ३८ किलोचे होते! पुढे ते लहान होत गेले. १९६१ साली त्याने त्याबद्दलचा लेख प्रसिद्ध केला. आज आम्ही तुम्हाला 'होल्टर लावून घ्या' म्हणतो, ते याच्याच नावाने.

या यंत्रामुळे एक गोष्ट लक्षात आली. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या अनेकांच्या हृदयात मध्येच जादा ठोके पडत होते. बऱ्याच जणांना ते जाणवतही नव्हते. पण ज्यांना असे ठोके जास्त, त्यांच्यात पुढे अचानक मृत्यूचे प्रमाणही जास्त होते. मग विचार झाला, की ठोके बंद केले तर मृत्यूही टळतील. तर्क इतका सरळ होता की त्यावर शंका घ्यावी असे फार थोड्यांना वाटले. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे १९८०च्या दशकात अमेरिकेत बाजारात आली. ती जादा ठोके झपाट्याने कमी करत. डॉक्टर खूश, रुग्णही खूश.

प्रश्न एकच उरला होता. ही गोळी घेणारा माणूस खरोखर जास्त जगतो का?

तो तपासण्यासाठी १९८७ मध्ये अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थेच्या पुढाकाराने एक मोठी चाचणी सुरू झाली. तिचे संक्षिप्त नाव 'कास्ट'. यात आधी रुग्णांना औषध देऊन पाहिले. ज्यांचे जादा ठोके किमान ८० टक्क्यांनी कमी झाले, म्हणजे ज्यांना औषध 'लागू पडले', त्यांनाच पुढे घेतले. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत वाटणी केली. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळते, हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि त्याच्या डॉक्टरलाही नव्हते. गुण आलेल्या माणसाचे औषध काढून त्याला नुसती गोळी देणे काही डॉक्टरांना अन्यायाचे वाटत होते.

एप्रिल १९८९ मध्ये या दोन औषधांची चाचणी मध्येच थांबवावी लागली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे होते: औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ मृत्यू, तर नुसती गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. तेही सरासरी अवघ्या दहा महिन्यांत.

असे का झाले असावे? हार्ट अटॅकनंतर हृदयाच्या स्नायूत व्रण राहतो. ही औषधे हृदयातील विजेचा प्रवाह मंद करतात. मंदावलेला प्रवाह व्रणाभोवती गोल गोल फिरू लागला, तर हृदयाची लय जीवघेणी बिघडू शकते. जादा ठोके हे दुखावलेल्या हृदयाचे लक्षण होते. लक्षण दबले, पण धोका वाढला.

तुम्ही विचाराल, इतक्या डॉक्टरांना हे आधी कसे दिसले नाही? कारण हार्ट अटॅक येऊन गेलेला रुग्ण अचानक गेला, तर घरचे आणि डॉक्टर दोघेही म्हणणार, "हृदयच कमजोर होतं." गोळीवर संशय कोण घेणार? एकेका रुग्णाकडे पाहून हे कळणे शक्यच नव्हते. तसेच रुग्ण, पण त्या गोळीविना, शेजारी ठेवून मोजले तेव्हाच फरक दिसला.

याच कसोटीवर खरी उतरलेली औषधेही आहेत. स्कँडिनेव्हियातील देशांत हृदयविकाराच्या ४४४४ रुग्णांवर झालेली आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेली सिम्वास्टॅटिनची चाचणी पाहा. तिथे कोलेस्टेरॉलचा आकडा उतरलाच, शिवाय पाचेक वर्षांत मृत्यूही २५६ वरून १८२ वर आले. बीपीच्या औषधांनी पक्षाघात कमी होतो, हेही असेच मोजून सिद्ध झाले आहे. फ्लेकेनाइडही बाद झालेले नाही. हृदयाची रचना चांगली असलेल्या निवडक रुग्णांना ते आजही देतात. कोणाला द्यायचे नाही, हे 'कास्ट'ने शिकवले.

म्हणून हे वाचून कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा एवढे जरूर विचारा: "या औषधाने माझा फक्त आकडा सुधारणार आहे, की माझा त्रास किंवा जिवाचा धोका कमी होणार आहे? आणि माझ्यासारख्या रुग्णांत ते तपासलं गेलं आहे का?" हा प्रश्न विचारण्यात डॉक्टरांवर अविश्वास दाखवण्यासारखे काहीच नाही. 'कास्ट' सुरू करणारे डॉक्टरच होते आणि त्यांनी नेमके हेच विचारले होते.