चांदोबातला वेताळ

'चांदोबा' मराठीत आला १९५२ साली. आमच्या आष्टीत एकच अंक दहा घरं फिरायचा. वेताळाचा प्रश्न आला की वाचणारा अंक मिटायचा आणि पारावर वाद पेटायचा : दोष कुणाचा? पुढे मी तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केली, पण नीतिशास्त्राचा पहिला तास तोच.

१९८५ साली दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' सुरू झालं. विक्रम अरुण गोविल. पुढे तेच राम झाले. मालिका मलाही आवडायची, खोटं कशाला बोलू! पण तिथं प्रश्नापाठोपाठ राजा उत्तर देऊन मोकळा. टीव्ही काही मिटून ठेवता येत नाही. मी लेकीला विचारायचो, "तुला काय वाटतं गं?" ती म्हणायची, "बाबा, राजानं सांगितलं ना आत्ता!"