सुरस, चमत्कारिक आणि आपले

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, "मॅडम, अशी जादूची पुस्तके आपल्यात का नाहीत?" तिच्या हातात हॅरी पॉटरचा मराठी अनुवाद होता. 'आपल्यात' म्हणजे मराठीत की मुसलमानांत, हे तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही, कारण दोन्हींचे उत्तर एकच होते: आहेत. पण ते उत्तर माझ्या तोंडून चटकन निघाले नाही.

त्याला कारण आहे. १९९३ साली आम्ही मुंबईहून मीरा रोडला आलो. दंगलीनंतर इकडे आलेल्या अनेक कुटुंबांपैकी आमचे एक. घर एका खोलीचे. नानांच्या पेटीत उर्दू किस्से आणि दास्ताने होती, ती ठेवायची कुठे? अब्बांनी दीनी किताबे ठेवली, आमची शाळेची पुस्तके ठेवली आणि बाकीचे रद्दीवाल्याला दिले. "झूठे किस्से हैं," एवढेच म्हणाले. मी तेव्हा शाळेत होते. मलाही त्यात काही गैर वाटले नाही.

या सुट्टीत मी तीन पुस्तके एकापाठोपाठ वाचली. त्या मुलीकडून घेतलेला हॅरी पॉटर, टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा मुग्धा कर्णिक यांनी केलेला अनुवाद 'स्वामी मुद्रिकांचा', आणि 'तिलिस्म-ए-होशरुबा'ची पहिली जिल्द. तिसरे वाचताना राहून राहून वाटत होते की पहिल्या दोघांचे नातलग इथेच भेटताहेत. हॅरीकडे अंगावर घेताच अदृश्य करणारा झगा आहे. होशरुबातल्या अमर ऐयारकडे तशीच गिलीम, म्हणजे घोंगडी आहे. हर्मायनीच्या छोट्याशा पिशवीत तंबूसुद्धा मावतो, तर अमरच्या झंबीलमध्ये, म्हणजे झोळीत, अख्खी दुनिया मावते. कुणी कुणाचे चोरले असे मला म्हणायचे नाही. माणसाच्या मनाला अशी झोळी सगळीकडेच हवीशी वाटते, एवढेच.

फरकही जाणवले. टॉल्किनची भूमी भव्य आहे, त्याचे दुःख खोल आहे, पण बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. होशरुबात मात्र बादशहा अफरासियाबची मलिका हैरत फौजा चालवते, महरुख त्याच्याविरुद्ध बंड करते, आणि सरसर नावाची ऐयारा खुद्द अमरला टक्कर देते. दुसरीकडे, दास्तानीतला हारलेला जादूगार एक तर मरतो किंवा दीन स्वीकारतो. आज वाचताना ते खटकते. टॉल्किनमध्येही सैतानाच्या बाजूने लढणारी माणसे पूर्वेकडून आणि दक्षिणेकडून येतात, तेही खटकते. दोन्ही ठिकाणी 'ते' आणि 'आपण' अशी रेघ आहे. ती दिसूनही पुस्तक आवडू शकते, हे आपण मुलांना शिकवले पाहिजे.

आता थोडा इतिहास. होशरुबा हा 'दास्तान-ए-अमीर हमजा'चा एक भाग. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने ही दास्तान ४६ जिल्दांत छापली. होशरुबाच्या सात जिल्दा १८८३ ते १८९३ दरम्यान निघाल्या. पहिल्या चार मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिल्या, पुढच्या अहमद हुसेन कमर यांनी. छापखान्याचा मालक हिंदू, लिहिणारे मुसलमान, आणि वाचणारे दोन्हीकडचे. तिलिस्म आणि ऐयारी उचलूनच देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' हिंदीत उभी राहिली.

मराठीत हे त्याआधीच घडत होते. पुण्याचे संस्कृत पंडित कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी १८६० च्या दशकात इंग्रजीवरून 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला घेतल्या. पुढे त्या कामाला चिरंजीव विष्णुशास्त्रींचाही हात लागला. हातिमताई आणि गुलबकावलीही मराठी वाचकाच्या घरात पोचल्या. १८६१ ची हळबे यांची 'मुक्तामाला', १८६८ ची रिसबूड यांची 'मंजुघोषा', या सुरुवातीच्या कादंबऱ्या याच हवेत वाढल्या. रिसबुडांनी तर प्रस्तावनेत आपली अडचण मोकळेपणाने मांडली आहे. आपल्या लोकांच्या रोजच्या आयुष्यात मन गुंतवणारे काही घडतच नाही, म्हणून अद्भुताकडे वळावे लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. शंभर वर्षांनंतर गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या अरेबियन नाइट्सचे सोळाही खंड मराठीत आणले.

मग हे सगळे विसरले कसे? दोन्हीकडे सुधारणेचा काळ आला. मराठीत कादंबरीने विधवांचे दुःख, घरातला जाच, समाजाचे वास्तव सांगायचे ठरले. उर्दूत डेप्युटी नझीर अहमद यांच्या १८७० च्या दशकातल्या 'तौबतुन्नसूह'मध्ये बाप बिघडलेल्या मुलाची पुस्तके जाळतो. त्या आगीत किस्सेही जातात. सुधारकांचे काम मोठे होते, त्यांच्यामुळे मुली शिकल्या, माझ्यासारखी बाई शिक्षिका झाली. पण त्या भरात एक गोष्ट सुटली. मराठीत 'सुरस आणि चमत्कारिक' हे शब्द आज आपण थाप ओळखल्याची खूण म्हणून वापरतो. आणि आमच्या घरी तीच पुस्तके 'झूठे किस्से' ठरली. अब्बांनी काही जाळले नाही, किलोच्या भावाने विकले.

काही पालक म्हणतात, जादू हराम आहे, मग मुलांच्या हाती हे कशाला? त्यांना मी एवढेच सांगते की दास्तानीत जादूगार हे शत्रू आहेत. नायक तिलिस्म बांधत नाही, तोडतो. आणि दास्तानीतला हमजा व इतिहासातले हजरत हमजा यांच्यात नावापलीकडे फारसे साम्य नाही, हेही सांगते. गोष्ट ही गोष्ट म्हणून वाचायची असते, अकीदा म्हणून नाही. हा फरक आठवीतल्या मुलाला कळतो. आपणच त्याच्यावर भरवसा ठेवत नाही.

शाळा उघडल्यावर मी त्या मुलीला वर्गासमोर उभे करून हर्मायनीच्या पिशवीची गोष्ट सांगायला लावली. मग मी अमरच्या झंबीलची सांगितली, अर्धी उर्दूत, अर्धी मराठीत. तास संपल्यावर ती म्हणाली, "हे पुस्तक कुठे मिळेल?"

नानांची पेटी रद्दीत गेली नसती तर त्याच दिवशी तिच्या हातात ठेवले असते. आता माझी जिल्द तिच्याकडे आहे. तिची उर्दू अजून अडखळते, म्हणून रोज मधल्या सुट्टीत दोन पाने आम्ही मिळून वाचतो.