नित्यकर्माची संगणकभाषा : शेल, पर्ल आणि पायथन

शेकडो फायलींची नावे बदलणे, नोंदींतून हव्या त्या ओळी वेचणे, ठराविक वेळी प्रती काढून ठेवणे ही संगणकावरील नित्यकर्मे होत. ती कोणत्या भाषेच्या स्वाधीन करावीत, हा प्रश्न सामान्यतः केवळ सोयीचा मानला जातो. या भाषांचा इतिहास पाहता मात्र त्यात लेखक व वाचक यांच्या हितसंबंधांचा विरोध दिसून येतो.

या परंपरेचा पाया अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांत घातला गेला. आहो, वाइनबर्गर व कर्निघन यांनी १९७७ मध्ये मजकुराच्या छाननीसाठी ऑक ही भाषा रचली. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बोर्न यांचे शेल प्रसृत झाले. एका आज्ञेचे फलित दुसरीच्या हाती देणे, हे शेलचे मुख्य सामर्थ्य होय. तथापि फायलीच्या नावात रिकामी जागा असली आणि अवतरणचिन्हे राहून गेली, तर शेल त्या एका नावाची दोन नावे करते.

भाषाशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्ल प्रसिद्ध केली. नैसर्गिक भाषेप्रमाणे येथेही एकच आशय अनेक रीतींनी मांडता यावा, अशी त्यांची भूमिका होती. पर्लमध्ये कर्माचा उल्लेखही अध्याहृत ठेवता येतो. ही मुभा लेखकाला सुखावह असली, तरी वाचकावर अन्वयाचा भार टाकते. उलट, गीडो फान रॉसम यांच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथनने ओळीच्या आरंभीच्या मोकळ्या जागेलाच व्याकरणाचे स्थान दिले आणि एका कामाची एकच उघड रीत असावी, हा आदर्श पुरस्कारिला.

पायथनची निवडही निर्वेध नव्हे. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीने जुन्या लेखनाशी सुसंगती मोडली आणि २०२० मध्ये दुसरीचा अधिकृत सांभाळ थांबला. परिणामी अनेक चालते लेख पुन्हा लिहावे लागले. शेलचे व्याकरण मात्र १९९२ च्या पॉझिक्स मानकाने स्थिरावले होते.

यावरून निवडीचा निकष काढता येतो. केवळ आज्ञा जोडावयाच्या असतील तर शेल पुरेसे आहे. अटी, याद्या व चुकांचा परामर्श आला की पायथन श्रेयस्कर ठरते. पर्लमध्ये नीट चाललेले काम केवळ नवतेसाठी बदलण्याचे प्रयोजन नाही. एकदाच वापरावयाचे म्हणून लिहिलेले आज्ञालेख पुष्कळदा वर्षानुवर्षे चालतात, आणि ते दुरुस्त करण्याची पाळी बहुधा दुसऱ्यावर येते. निवड करताना त्या दुसऱ्याचा विचार प्रथम व्हावयास हवा.