टाकतोडणीचा चाकू

लेखनाच्या इतिहासाविषयी बोलताना आपल्या वर्गांतून चार गोष्टींचा उल्लेख हमखास होतो: लेखणी, शाई, कागद आणि मुद्रणयंत्र. पाचवी गोष्ट कोणी काढत नाही. ती म्हणजे लेखणीशेजारी पडून असलेला लहानसा चाकू. वास्तविक 'लिख्' या संस्कृत धातूचा मूळ अर्थच ओरखडणे, खरवडणे असा आहे. दक्षिणेत ताडपत्रावर लोखंडी सुईने अक्षर कोरत आणि मग त्यावर काजळी चोळत, तेव्हा कोठे ते दिसू लागे. म्हणजे लिहिणे ही आधी कापण्याची क्रिया होती. शाई नंतर आली. बोरू आल्यावरही कापणे संपले नाही. ते पानावरून लेखणीवर गेले, इतकेच.

रामदासांच्या 'दासबोधा'तील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे. सुंदर हस्ताक्षराचा उपदेश म्हणून त्याचा उल्लेख वारंवार होतो. पण त्याच समासात देशोदेशींचे सरळ बोरू आणण्याची आणि निरनिराळ्या तऱ्हेच्या टाकतोडणीची गोष्टही आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. टाक म्हणजे लेखणी आणि तोडणी म्हणजे ती कापून सिद्ध करणे. इतका नेमका शब्द भाषेत असावा आणि आज तो कोशात शोधावा लागावा, यावरून त्या कौशल्याचे पुढे काय झाले ते कळते.

बोरू तासणे हे पेन्सिलीला टोक काढण्यासारखे काम नव्हे. आधी तिरकी तास मारून आतला भुसा काढायचा, दोन्ही बाजू निमुळत्या करायच्या, मधोमध शाई उतरण्यापुरती चीर द्यायची आणि शेवटी एका दाबात टोक छाटायचे. या शेवटच्या छाटीवर सारे अक्षर अवलंबून असते. देवनागरीत जाड रेघ उजवीकडून डावीकडे खाली उतरते, रोमन लिपीत ती डावीकडून उजवीकडे उतरते; म्हणून रुंद टोकाची जी लेखणी रोमनसाठी छाटली असेल ती देवनागरीला उलटी पडते. आपल्या अक्षराचे वळण हातात असते असे आपण म्हणतो. त्याचा निम्मा भाग तरी चाकूच्या कोनात होता.

अरबी-फारसी सुलेखनाच्या परंपरेने हे जितक्या स्पष्टपणे ओळखले तितके क्वचितच कोणी ओळखले असेल. तेथे या चाकूला स्वतंत्र नाव आहे, कलमतराश. त्याच्या जोडीला मक्ता नावाची हस्तिदंताची किंवा हाडाची लहान पट्टी असे. तिच्यावरच्या खोबणीत बोरू बसवायचा आणि टोक छाटायचे, म्हणजे कोन चुकत नाही. दहाव्या शतकातील बगदादचा वजीर इब्न मुक्ला याच्या नावावर जी प्रमाणबद्ध लेखनपद्धती सांगितली जाते, तिचे माप आहे नुक्ता, म्हणजे लेखणीच्या टोकाने उमटणारा चौकोनी ठिपका. अलिफ किती नुक्ते उंच असावा, अक्षराचे पोट किती नुक्ते रुंद असावे, हे सारे त्यावरून ठरते. आता नुक्त्याचा आकार कशावर ठरणार? चाकूने टोक जितके रुंद छाटले त्यावर. संपूर्ण लिपीचे एकक चाकूच्या एका दाबात निश्चित होत असे. (कलम हा शब्दही मूळचा वेताचाच, ग्रीकमधून अरबीत आणि तेथून आपल्याकडे आला. मराठीने त्याला आंब्याच्या झाडावर चढवले आणि कायद्याच्या पुस्तकातही बसवले.)

हस्तलिखिते हाताळणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही एक गोष्ट आवर्जून पाहायला सांगतो. पोथीत अक्षर काही पाने हळूहळू जाड आणि बोथट होत जाते आणि मध्येच एका ओळीपासून पुन्हा बारीक, रेखीव होते. अशा जागी लेखक बदलला असे अनुमान घाईने काढले जाते. पुष्कळदा बदललेली असते ती लेखणी, किंवा खरे तर तिची छाट. लेखकाने तेथे थांबून चाकू घेतलेला असतो. पाठचिकित्सेत या थांबण्याची नोंद घेतली जात नाही, ती घेतली पाहिजे असे आमचे मत आहे.

युरोपात बोरूची जागा पिसाने घेतली आणि चाकूचे महत्त्व आणखी वाढले. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात जपलेल्या बाराव्या शतकातील एका स्तोत्रसंहितेत एडवाइन नावाच्या लेखनिकाचे पूर्ण पानभर चित्र आहे. त्याच्या एका हातात पीस आहे, दुसऱ्या हातात चाकू. मध्ययुगीन चित्रांतले बहुतेक लेखनिक असेच बसलेले दिसतात. हा चाकू तीन कामे करी: पिसाला टोक काढणे, उचलणारे चर्मपत्र दाबून धरणे आणि चुकलेले अक्षर खरवडून काढणे. चर्मपत्र म्हणजे कातडे. ते वरवर तासले तरी फाटत नाही. आपल्याकडच्या कागदी पोथीला हे सोसणारे नव्हते, म्हणून येथे चुकीवर पिवळा हरताळ लावून ती झाकत आणि त्यावर पुन्हा लिहीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तेथूनच आला. एका संस्कृतीने चूक खरवडली, दुसरीने झाकली. समीक्षेत अलीकडे 'पालिंप्सेस्ट' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. त्याचा अर्थ 'पुन्हा खरवडलेले' असा आहे. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातील प्रत १२२९ मध्ये कोणी तरी खरवडली आणि त्या पानांवर प्रार्थना लिहिल्या. १९०६ मध्ये डॅनिश पंडित हायबर्ग याने खालची अक्षरे वाचली. शब्द वापरताना त्यातला चाकू आठवायला हरकत नाही.

लेखनिकाचा चाकू मेजावर राहत होता तोवर तो अखंड पात्याचा असला तरी चाले. लिहिणारा माणूस हिंडू-फिरू लागला तेव्हा तो मिटता येणे आवश्यक झाले. मिटणारे चाकू रोमन काळातही होते. खरी करामत पाठीच्या कमानीची. मुठीच्या पाठीमागे पोलादाची एक पट्टी बसवतात. ती पात्याच्या बुडाशी असलेल्या सपाट बाजूवर दाबून बसते, त्यामुळे पाते उघडे असताना उघडे राहते आणि मिटले असताना मिटलेले. त्याला कुलूप नाही, कळ नाही. आजही खिशातले असंख्य चाकू याच तत्त्वावर चालतात. ही पट्टी लवचीक हवी आणि पाते कठीण हवे. एकाच धातूकडून दोन उलट मागण्या. शेफील्डजवळ १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन याने मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद तयार केले. तो होता घड्याळजी, आणि त्याला शोध होता घड्याळाच्या कमानीला योग्य अशा धातूचा. शेफील्डच्या चाकूवाल्यांनी सुरुवातीला ते पोलाद फार कठीण म्हणून नाकारले आणि फ्रेंच कारागिरांनी ते घेतले, असे सांगतात. पुढे त्याच पोलादाने शेफील्डचे नाव जगभर झाले.

त्या नावाची किंमत कोणी दिली हेही सांगितले पाहिजे. पात्याला धार लावण्याचे काम वालुकाश्माच्या फिरत्या चाकावर होई. चाक कोरडे असेल तर दगडाची आणि पोलादाची धूळ सरळ फुप्फुसांत जाई. एंगल्सने १८४५ मध्ये इंग्लंडमधील कामगारांच्या स्थितीवर लिहिले, त्यात शेफील्डच्या नाइट नावाच्या डॉक्टरच्या निरीक्षणाचा आधार घेतला आहे: कोरड्या चाकावर काम करणारे सरासरी जेमतेम पस्तिशी गाठतात, ओल्या चाकावरचे पंचेचाळिशीच्या पुढे क्वचितच जातात. या रोगाला तेथे 'ग्राइंडरचा दमा' म्हणत. ज्या काळातील इंग्रजी कविता आणि कादंबऱ्या आपण पिसाच्या लेखणीतून उतरलेल्या म्हणून शिकवतो, त्या काळातील लेखणीला टोक काढणारे पाते अशा माणसांनी पाजळलेले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कापण्याचे हे कौशल्य लिहिणाऱ्याच्या हातून काढून घेण्याचे प्रयत्न सुरू झाले. पीस खोबणीत घालून दांडा दाबला की चीर आणि टोक एकदम तयार, अशी खिशात मावणारी यंत्रे विकली जाऊ लागली. कुलुपांसाठी प्रसिद्ध असलेल्या जोसेफ ब्रामाने १८०९ मध्ये एका पिसातून अनेक सुटी टोके कापणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. ती टोके दांडीला लावून लिहायचे आणि झिजली की टाकून द्यायची. मग बर्मिंगहॅमच्या पोलादी निबा आल्या. जोसेफ गिलॉटचे पेटंट १८३१ चे. चाकूची गरज सरली, नाव मात्र सरले नाही. घडीच्या चाकूतील लहान पात्याला इंग्रजीत अजूनही लेखणीचे पाते म्हणतात. म्हणणाऱ्याला लेखणी आठवतही नसेल.

मध्येच एका उलट्या चाकूची आठवण होते. न कापलेल्या घड्यांची पुस्तके विकत घेऊन ती घरी उघडण्याची रीत युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, विसाव्या शतकातही होती. त्यासाठीचा कागदचाकू मुद्दाम बोथट करीत, कारण धारदार पाते घडी सोडून पानात शिरते. बोथट पाते घडीमागून जाते. जुन्या ग्रंथालयांत असे न उघडलेल्या पानांचे ग्रंथ अजून सापडतात. कोणत्या थोर लेखकाचे पुस्तक कितव्या पानापर्यंत वाचले गेले, याचा त्याहून सबळ पुरावा दुसरा नाही.

पिसानंतर चाकू पेन्सिलीला चिकटून राहिला. जपानमध्ये मिकी या गावी मेइजी काळात घडलेला 'हिगोनोकामी' हा चाकू म्हणजे साधेपणाची कमाल: पत्रा दुमडून केलेली मूठ, एक पाते आणि त्याच्या बुडाशी बाहेर आलेला छोटा दांडा. कमान नाही. अंगठ्याने दांडा दाबून धरायचा, म्हणजे पाते स्थिर. शाळकरी मुलांच्या खिशात तो असे. ऑक्टोबर १९६० मध्ये समाजवादी नेते असानुमा यांची सतरा वर्षांच्या तरुणाने भर सभेत हत्या केली. हत्यार आखूड तलवारीचे होते, पण त्यानंतर मुलांच्या हातून सगळीच पाती काढून घेण्याची मोहीम निघाली आणि चाकूची जागा टोकयंत्राने घेतली.

त्याआधी चारच वर्षे, १९५६ मध्ये, ओसाकाच्या योशिओ ओकादा यांना मोडणाऱ्या पात्याची कल्पना सुचली होती. ते मुद्रणव्यवसायात होते. कागद कापायला दाढीचे पाते वापरत. त्याचे कोपरे बोथट झाले की उरलेले सारे पाते फुकट जाई. त्यांनी पुढे जी कंपनी काढली ती सांगते ती हकिगत अशी: काचेचा तुकडा बोथट झाला की तो फोडून नवी धार मिळवणारे मोची त्यांनी पाहिले होते, आणि अमेरिकन सैनिकांच्या चॉकलेटच्या वड्या रेघेवर मोडतात हेही. दोन्ही एकत्र आले. पात्यावर ठरावीक अंतराने तिरक्या खाचा पाडायच्या. टोक बोथट झाले की तो तुकडा मोडायचा. कठीण पोलाद ठिसूळ असते, हा हंट्समनपासून चाकूवाल्यांना छळणारा दोष. ओकादांनी त्याच दोषाला कामाला लावले: धातू मोडणारच, तर आपण सांगू तेथे मोडावा. 'ओल्फा' हे कंपनीचे नावही 'मोडायचे पाते' या जपानी शब्दांवरून घेतले आहे. त्यांची ९ आणि १८ मिलिमीटरची रुंदी पुढे साऱ्या जगाने उचलली.

धार लावण्याची विद्या अशा रीतीने वापरणाऱ्याच्या हातून पुरतीच सुटली. यावर हळहळण्याची आपल्याकडे रीत आहे. शेफील्डचे चाक आठवले की आम्हांला ती हळहळ पूर्ण मनाने व्यक्त करता येत नाही. मात्र टाकतोडणी जाणणारा लेखनिक आपल्या अक्षराचा कोन स्वतः ठरवीत असे आणि आपण तो दुकानातून विकत आणतो, हेही खरेच आहे.

हेच कटर मराठी छपाईतही लेखनाच्या कामी आले. जुळणीचे खिळे जाऊन फोटो-टाइपसेटिंग आले, त्या दिवसांत मजकूर ब्रोमाइडच्या पट्ट्यांवर येई आणि पाने कापून, चिकटवून लावत. मुद्रितशोधनात सापडलेली एखादी चुकीची वेलांटी दुरुस्त करायची तर दुसऱ्या पट्टीवरून योग्य अक्षर कटरच्या टोकाने कापून उचलायचे आणि नेमके त्या जागी बसवायचे. कापलेल्या कडेची सावली कधी कधी निगेटिव्हवर येई आणि तशीच छापली जाई. त्या काळातले एखादे अनियतकालिक उजेडात धरून पाहिले, तर दुरुस्त केलेल्या शब्दाभोवती केसाइतकी बारीक चौकट क्वचित दिसते.