पद्मिनीच्या तळातील उंचवटा

कर्नाळ्याची खिंड उतरून जिते, पेण या बाजूला येणाऱ्या रस्त्यावर एके काळी पद्मिनी मोटारी सर्रास दिसत. चालक स्टिअरिंगजवळचा दांडा ओढून गिअर बदलत असे. पुढे हा दांडा जमिनीवर आला. बदल लहान दिसतो. पण जुन्या गाडीत तो करायचा तर तिचा तळ कापावा लागतो. हे कापणे साधे का नाही, ते आपण पाहू.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी तयार होऊ लागली; सत्तरच्या दशकात तीच पद्मिनी झाली. पुढची बैठक बाकासारखी सलग होती. पाय ठेवायला जागा मोकळी राहावी म्हणून दांडा स्टिअरिंगच्या खांबावर होता. तेथून सळ्या व सांधे गिअरबॉक्सपर्यंत जात. सांधे झिजले की दांडा ढिला होई, गिअर नीट पडत नसे.

१९८५ मध्ये कंपनीने ११८ एनई ही मोटार आणली. तिचा गिअरबॉक्स निसानचा आणि दांडा जमिनीवर होता. अखेरच्या काही पद्मिनींनाही अशीच रचना मिळाली.

पद्मिनीला ट्रकसारखा वेगळा सांगाडा नाही. पत्र्याची कायाच भार पेलते. तळाच्या मध्यावरील लांबट उंचवट्याखाली गिअरबॉक्सचा मागचा भाग व चाके फिरवणारा दंड असतो. हा उंचवटा तळाला ताठपणाही देतो. वर्गात हे सहज दाखवता येईल. दोन पुस्तकांवर कागद आडवा ठेवा, तो खचतो. त्याच्या मध्यावर या पुस्तकापासून त्या पुस्तकापर्यंत उभी घडी उठवा. आता तो खडूचा तुकडा पेलतो. घडी मध्येच कापली, की पुन्हा खचतो.

म्हणून वेगळ्या मापाचा गिअरबॉक्स बसवताना नुसते भोक पाडून भागत नाही. उंचवटा नव्या मापाने घडवून सलग वेल्डिंग करावे लागते, गिअरबॉक्सचा आधार हलवावा लागतो, दंडाची लांबी व कोन जुळवावे लागतात. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा फेरफारांवर बंधने घालते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली. उरलेल्या गाड्या जपणाऱ्यांनी करवत उचलण्यापूर्वी कागदाची ती घडी आठवावी, एवढेच आम्ही सुचवतो.