बंदुकीच्या नळीचे टोक आणि कायद्याची चौकट
दार फोडण्यासाठी वापरावयाच्या शॉटगनच्या जोडांविषयी. यवतमाळच्या परवानाधारकांनी काय जाणावे?

यवतमाळ : रोही आणि रानडुकरांनी पऱ्हाटी व तुरीचे उभे पीक एका रात्रीत आडवे करावे आणि शेतकऱ्याने पीक संरक्षणाच्या बंदुकीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्यात, हे यवतमाळ जिल्ह्यातील परिचित चित्र आहे. ज्यांच्या घरी परवान्याची बाराबोर बंदूक आहे, त्यांच्यापर्यंत इंटरनेटमुळे आता विदेशी बंदुकांच्या साहित्याच्या जाहिरातीही पोहोचतात. त्यांत नळीच्या टोकावर बसवावयाचा, दातेरी कडांचा एक जोड हमखास दिसतो. मूळ उपयोग दार फोडण्याचा. पण अनेकांना तो केवळ शोभेचा वाटतो. भारतीय कायद्याच्या दृष्टीने मात्र बंदुकीच्या नळीशी केलेली कोणतीही छेडछाड शोभेची नसते. हे ठाऊक नसल्यास प्रामाणिक परवानाधारकही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो.

हा जोड नेमका काय?

बाराबोर हे नाव जुन्या ब्रिटिश मोजमापातून आले. नळीच्या व्यासाएवढ्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, म्हणून ती बाराबोर. नळीचा अंतर्व्यास साधारण १८.५ मिलिमीटर असतो. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, तर शॉटगनची नळी आतून गुळगुळीत असते.

बंद खोलीत ओलीस ठेवलेल्यांची सुटका किंवा सशस्त्र गुन्हेगाराची धरपकड अशा प्रसंगी विशेष पथके बिजागऱ्या वा कुलूप निकामी करण्यासाठी शॉटगन वापरतात. नळी दाराला थेट टेकवून बार काढल्यास वायूला वाट मिळत नाही आणि नळी फुटण्याचा धोका असतो. दातेरी टोकामुळे नळी दारावरून घसरत नाही. टोकाच्या बाजूंना असलेल्या खाचांमधून वायू बाहेर पडतो आणि नळीचे मुख दारापासून थोडे दूर राहते. या कामाचे काडतूसही निराळे असते. त्यात घन गोळीऐवजी धातूची दाबून बसविलेली भुकटी असते. ती आघाताबरोबर विखुरते, त्यामुळे दारापलीकडील माणसांना असलेला धोका कमी होतो. नाहीसा मात्र होत नाही. म्हणूनच हे काम प्रशिक्षित पथकांपुरतेच मर्यादित मानले जाते.

बंद दारांमागील युद्ध किती कठीण असते, हे महाराष्ट्राने २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात पाहिले. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाच्या कमांडोंना ताज आणि ओबेरॉय हॉटेलांत एकेक खोली तपासत पुढे सरकावे लागले. नरिमन हाउसवर २८ नोव्हेंबरला हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरविण्यात आले आणि आत शिरण्यासाठी स्फोटकांचा वापर करावा लागला. या हल्ल्यानंतर राज्याने 'फोर्स वन' हे विशेष पथक उभारले.

वीस इंचांचे महत्त्व

भारतात बंदुकांचे नियमन शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये होते. १८७८ च्या ब्रिटिशकालीन कायद्याची जागा घेणारा हा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. सध्या लागू असलेले शस्त्र नियम २०१६ चे आहेत. अधिनियमाच्या कलम १३ नुसार स्वसंरक्षण वा क्रीडा यांसाठी किमान २० इंच नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा, तसेच खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ठासणीची बंदूक अपुरी आहे, अशी खात्री पटल्यास प्राधिकारी पीक संरक्षणासाठीही २० इंची नळीच्या अन्य बंदुकीस मंजुरी देऊ शकतो.

नळीच्या लांबीवर एवढा कटाक्ष का? आखूड नळीची बंदूक कपड्यांत सहज लपते. त्यामुळे बहुतेक देशांनी किमान लांबी ठरविली आहे. अमेरिकेत शॉटगनसाठी ती १८ इंच, तर ब्रिटनमध्ये २४ इंच आहे. अमेरिकेत नळीला कायमचा जोडलेला जोड लांबीत धरला जातो. म्हणून तेथील नागरिकाला दातेरी जोड उघडपणे विकत घेता येतो. तेथील जाहिरात पाहून येथे तसाच समज करून घेणे धोक्याचे आहे.

कोणती कृती गुन्हा ठरते?

पहिली, नळी आखूड करणे. कलम ६ नुसार परवान्याशिवाय नळी कापता येत नाही. गावातील लोहाराकडून दोन-चार इंच छाटून घेणे हाही याच कलमाखालील प्रकार होय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यास किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.

दुसरी, विनापरवाना कारागिराकडून फेरबदल. शस्त्राची निर्मिती, विक्री, रूपांतर आणि दुरुस्ती या साऱ्यांना कलम ५ अन्वये परवाना लागतो. कारागिराजवळ तो नसल्यास त्याच्यावरही तितक्याच गंभीर शिक्षेची टांगती तलवार असते.

तिसरी, परदेशातून मागविणे. अधिनियमातील 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात आणि कलम १० नुसार परवान्याशिवाय शस्त्र देशात आणता येत नाही. नळीवर बसवावयाचा जोड हा 'भाग' ठरतो की नाही, हा वाद पार्सल सीमाशुल्क विभागाने अडविल्यानंतर घालण्यापेक्षा परवाना प्राधिकाऱ्याला आधी लेखी विचारणे शहाणपणाचे.

चौथी, आवाज वा ज्वाला कमी करणारे साधन. येथे संदिग्धतेला जागाच नाही. अशा साधनाचा समावेश कायद्याने थेट 'अग्निशस्त्र' या व्याख्येतच केला आहे. ते विनापरवाना बाळगणे म्हणजे विनापरवाना बंदूक बाळगणेच होय.

अभयारण्याची दहा किलोमीटरची रेषा

यवतमाळच्या परवानाधारकाला आणखी एका कायद्याची जाण हवी. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर आणि उमरखेड परिसरातील पैनगंगा ही अभयारण्ये जिल्ह्यात आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ नुसार लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. कलम ३४ नुसार अभयारण्याच्या दहा किलोमीटर परिसरातील शस्त्रधारकांना नोंदणी करावी लागते. त्या परिसरात नवा परवाना द्यावयाचा असल्यास मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती आवश्यक असते. पीक संरक्षणाचा परवाना हाती आहे म्हणून रोही वा रानडुक्कर मारण्याची मुभा मिळत नाही; त्यासाठी वन विभागाची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

शस्त्र कोणाच्या हाती, हा प्रश्न किती कळीचा ठरतो, हे जिल्ह्याने २०१८ मध्ये अनुभवले. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यातील १३ जणांच्या मृत्यूस जबाबदार धरलेली टी-१ ऊर्फ अवनी ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटी परिसरात गोळी घालून ठार करण्यात आली. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी समितीने शस्त्र अधिनियमाचेही उल्लंघन झाल्याचा निष्कर्ष नोंदविला. वाघीण धोकादायक होती की नव्हती, हा वाद वेगळा; गोळी झाडणाऱ्याला त्या शस्त्राचा आणि त्या कृतीचा अधिकार होता काय, हा प्रश्न स्वतंत्रपणे उभा राहिलाच.

दार फोडण्याचा अधिकार कोणाला?

नागरिकाला तो अधिकार नाही. दुसऱ्याचे दार फोडून आत शिरणे भारतीय न्याय संहितेनुसार गृहभेदनाचा गुन्हा ठरतो. त्यात बंदूक वापरल्यास शस्त्र अधिनियमाची कलमेही लागू होऊ शकतात. पोलिसांना हा अधिकार आहे, पण तोही अटींसह. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४४ नुसार अटक करावयाची व्यक्ती आत असल्यास पोलिसांनी प्रथम आपला अधिकार व हेतू सांगून दार उघडण्याची मागणी करावयाची असते. अन्य मार्गाने प्रवेश मिळत नसेल तरच दार वा खिडकी तोडता येते. आत रूढीनुसार पडदा पाळणारी स्त्री असेल आणि अटक तिची करावयाची नसेल, तर तिला बाहेर निघून जाण्याची संधी द्यावी लागते. झडतीचे दृक्-श्राव्य चित्रण करण्याची तरतूदही याच संहितेत कलम १०५ मध्ये आहे.

परवानाधारकांसाठी

यवतमाळमध्ये परवाना प्राधिकारी जिल्हादंडाधिकारी म्हणजेच जिल्हाधिकारी आहेत. नागपूर, पुणे, मुंबईसारख्या आयुक्तालयाच्या शहरांत हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली असून, सर्वसाधारण नागरिकाला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. दुरुस्ती परवानाधारक दुकानातूनच करून घ्यावी, पावती जपावी आणि बंदुकीचे वर्णन परवान्यावरील नोंदीशी जुळते ना, याची खातरजमा करावी. वारसाहक्काने आलेल्या जुन्या बंदुकीची नळी पूर्वीच कापलेली आढळल्यास ती वापरू नये वा लपवूही नये. वकिलाच्या सल्ल्याने ती प्राधिकाऱ्यांच्या निदर्शनास आणावी.

दातेरी जोडाची किंमत जाहिरातीत किरकोळ दिसते. मात्र पिकाच्या राखणीसाठी घेतलेल्या बंदुकीपायी शेतकऱ्यावर न्यायालयाच्या फेऱ्या मारण्याची वेळ आली, तर पीकही जाते आणि परवानाही.