न्यायाच्या दारातील जकात

मोटारीच्या धडकेने पाय गमावलेल्या मजुराला कायद्याने भरपाईचा हक्क दिला, तरी तो बजावण्यासाठी पैसा कोठून आणावयाचा? भारतातील अपघात-भरपाईच्या इतिहासात हा प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो. १८७० च्या कोर्ट-फी कायद्यान्वये दाव्याचे शुल्क मागितलेल्या रकमेबरोबर वाढे. म्हणजे हानी जितकी मोठी, तितकी न्यायाच्या दारातील जकात जड! १९०८ च्या दिवाणी संहितेने निर्धनास सवलत दिली. पण त्यासाठी आधी आपले दारिद्र्य सिद्ध करावे लागे.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाइताच्या इजेबद्दलचा विमा सक्तीचा ठरविला. भरपाई देणारा उभा राहिला. मागणाऱ्याची वाट मात्र दिवाणी न्यायालयातूनच जात होती. १९५६ च्या दुरुस्तीने खास दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. १९८२ च्या दुरुस्तीने तर चूक कोणाची हे सिद्ध न करताही कायम अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये देऊ केले.

उरला वकिलाचा खर्च. दाव्याच्या फळात वाटा ठरवून घेणे हे वकिलाचे गैरवर्तन होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली सांगितले. त्यामुळे पक्षकाराचे रक्षण झाले, पण भरपाईतून वकिलाला वाटा देण्याचा मार्गही मिटला. म्हणूनच १९८७ च्या विधिसेवा कायद्याने गरजूंना दिलेला विनामूल्य वकील मोलाचा ठरतो. बजावता न येणारा हक्क हा कागदावरचाच हक्क होय.